विंडोजवर बांधलेली एल्फ फाइल लिनक्सवरच्या जीडीबीत: मूळ फोल्डरातला सोर्स दिसतो, उपफोल्डरांतला दिसत नाही

प्रश्न: मीटरवाला

नमस्कार. गेले तीन दिवस एकाच ठिकाणी अडकलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमच्या वीजमीटरचे फर्मवेअर एआरएम कॉर्टेक्स-एम४ वर चालते. ते पुण्याच्या कार्यालयातील एका विंडोज बिल्ड-मशीनवर एआरएम-नन-ईएबीआय-जीसीसी या क्रॉस-कंपाइलरच्या (एका यंत्रावर चालून दुसऱ्या चिपसाठी कोड बांधणाऱ्या) १०.३ या आवृत्तीने बांधले जाते आणि तयार झालेली एल्फ फाइल (बांधलेला कोड आणि डीबग माहिती असलेली) आम्ही डीबगिंगसाठी आपापल्या लिनक्स लॅपटॉपवर उतरवून घेतो. कोड गिटमध्ये असल्याने सोर्स दोन्हीकडे अक्षरशः तोच आहे. विंडोजवर तो सी:\वर्क\मीटर येथे आहे आणि माझ्याकडे /होम/देव/मीटर येथे. (कमांड आणि पाथ इथे देवनागरीत उतरवले आहेत; टाइप करताना अर्थातच रोमन.)

जीडीबी हा डीबगर ब्रेकपॉइंटवर व्यवस्थित थांबतो, व्हेरिएबलची मूल्ये बरोबर दाखवतो, परंतु सोर्सची ओळ दाखवण्याची वेळ आली की "११८ सी:\वर्क\मीटर\ड्रायव्हर/यूआर्ट.सी: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" असे म्हणून मोकळा होतो. बॅकस्लॅश आणि साधा स्लॅश एकाच पाथमध्ये कसे आले, हा माझा पहिला प्रश्न.

पाथ बदलून देण्यासाठी मी "सेट सब्स्टिट्यूट-पाथ सी:\वर्क\मीटर /होम/देव/मीटर" असा नियम दिला. काहीच फरक पडला नाही. "शो सब्स्टिट्यूट-पाथ" करून पाहिले तेव्हा जीडीबीने माझा नियम "सी:वर्कमीटर" असा साठवला असल्याचे दिसले, म्हणजे त्याने बॅकस्लॅश गिळून टाकले होते. मग प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहिला आणि नियम योग्य प्रकारे साठवला गेला. त्यानंतर जे घडले त्याने मात्र माझी मती गुंग झाली. मूळ फोल्डरातील मेन.सी आणि कॉन्फिग.सी या फायली दिसू लागल्या, पण ड्रायव्हर, प्रोटोकॉल आणि मापन या उपफोल्डरांतील एकही फाइल दिसेना. एडिटरमधून डीबग केले तर तो "/होम/देव/मीटर/सी:\वर्क\मीटर\ड्रायव्हर/यूआर्ट.सी" अशी दोन धडांची फाइल शोधतो आणि ती नसल्याची तक्रार करतो.

नियम चुकीचा असेल तर मेन.सी कशी सापडते, आणि बरोबर असेल तर यूआर्ट.सी का सापडत नाही? तीच एल्फ फाइल बिल्ड-मशीनवरच्या विंडोज जीडीबीत उघडली तर सर्व फायली विनातक्रार दिसतात, त्यामुळे एल्फमध्येच काही बिघाड आहे असेही म्हणता येत नाही.

उत्तर १: सिग्नल_११

जीडीबीमध्ये "सेट टार्गेट-फाइल-सिस्टम-काइंड डॉस-बेस्ड" अशी एक सेटिंग आहे. ती दिल्यावर जीडीबी ड्राइव्हचे अक्षर आणि बॅकस्लॅश ओळखू लागतो. आपली अडचण तीच दिसते, तेव्हा आधी ती करून पाहावी.

तोवर एल्फमध्ये नेमके काय लिहिले आहे ते इथे टाकावे. "एआरएम-नन-ईएबीआय-रीडएल्फ --डीबग-डम्प=रॉलाइन" ही कमांड फायलींची आणि फोल्डरांची कोष्टके जशीच्या तशी छापते. "--डीबग-डम्प=इन्फो" मधून डीडब्ल्यू_एटी_नेम (सोर्स फायलीचे नाव) आणि डीडब्ल्यू_एटी_कॉम्प_डिर (कंपाइलर ज्या फोल्डरात चालला तो) या दोन ओळीही काढून द्याव्यात. जीडीबी जो पाथ दाखवतो तो त्याने जोडून तयार केलेला असतो. मूळ तुकडे पाहिल्याशिवाय कोणीही केलेला तर्क हा अंधारातला बाण ठरेल, त्यात माझाही आला.

मीटरवाला

आपण सुचवलेली सेटिंग दिली, काहीही बदलले नाही. रीडएल्फने दाखवलेला यूआर्ट.सीचा भाग असा:

डीडब्ल्यू_एटी_नेम: सी:\वर्क\मीटर\ड्रायव्हर\यूआर्ट.सी
डीडब्ल्यू_एटी_कॉम्प_डिर: सी:\वर्क\मीटर
फोल्डरांचे कोष्टक: १ सी:\वर्क\मीटर\ड्रायव्हर
फायलींचे कोष्टक: १ यूआर्ट.सी (फोल्डर १)

मेन.सीसाठी फोल्डरांच्या कोष्टकात सी:\वर्क\मीटर एवढेच आहे. आमची बिल्ड एका बॅच फायलीवर चालते. ती "डिर /एस /बी" ने सर्व सी फायलींची यादी काढते आणि त्यातील एकेक नाव कंपाइलरला देते, त्यामुळे कंपाइलरकडे नेहमी ड्राइव्हपासून सुरू होणारा, बॅकस्लॅश असलेला पूर्ण पाथ जातो.

उत्तर २: लायब्ररीतला_किडा

आधी त्या सेटिंगविषयी, कारण तिच्या नावामुळे पुष्कळ जण फसतात. टार्गेट-फाइल-सिस्टम-काइंड ही टार्गेटवर, म्हणजे ज्यासाठी कोड बांधला त्या यंत्रावर, चालणाऱ्या प्रोग्रॅमने कळवलेल्या शेअर्ड लायब्ररींच्या नावांसाठी आहे. सोर्स फायलींच्या पाथशी तिचा संबंध नाही, आणि ज्या चिपवर फाइल सिस्टिमच नाही तिथे तर ती निरुपयोगीच आहे.

आता मूळ प्रश्न. ड्वार्फमध्ये, म्हणजे एल्फमधील डीबग माहितीच्या स्वरूपात, पाथ ही केवळ अक्षरांची एक ओळ असते आणि ती कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या रीतीने लिहिली आहे याची नोंद कुठेही केली जात नाही. कंपाइलर ज्या यंत्रावर चालला त्या यंत्राच्या रीतीने ती लिहिली जाते आणि डीबगर ज्या यंत्रावर चालतो त्या यंत्राच्या रीतीने ती वाचली जाते. क्रॉस-कंपाइलर म्हटले की आपले सगळे लक्ष टार्गेटकडे जाते, पण ज्या चिपसाठी कोड बांधला तिचा या व्यवहाराशी काडीचाही संबंध नाही. तुमच्या बाबतीत लिहिणारे यंत्र विंडोज आहे आणि वाचणारे लिनक्स. विंडोजसाठी बांधलेला जीडीबी स्लॅश आणि बॅकस्लॅश या दोन्हींना फोल्डरांमधला विभाजक मानतो, तर लिनक्ससाठी बांधलेला जीडीबी फक्त स्लॅशलाच मानतो. हा निर्णय जीडीबी स्वतः कंपाइल होतानाच झालेला असतो, नंतर कोणत्याही सेटिंगने तो बदलत नाही. लिनक्सच्या दृष्टीने "सी:\वर्क\मीटर\ड्रायव्हर" हे सबंध एकाच फोल्डरचे, जरा विचित्र, पण पूर्णपणे वैध नाव आहे.

यावरून मिश्र स्लॅशचे कोडे सुटते. जीडीबी कोष्टकातील फोल्डर घेतो, पुढे स्वतःच्या रीतीचा स्लॅश लावतो आणि फायलीचे नाव जोडतो. "सी:\वर्क\मीटर\ड्रायव्हर" अधिक "/" अधिक "यूआर्ट.सी". बॅकस्लॅश विंडोजवरून आलेले आणि शेवटचा एकुलता एक स्लॅश तुमच्या लॅपटॉपवरचा.

अर्ध्या फायली का दिसतात, त्याचे उत्तर त्याच शेवटच्या स्लॅशमध्ये आहे. सब्स्टिट्यूट-पाथचा नियम लावताना जीडीबी दोन गोष्टी तपासतो. पाथची सुरुवात नियमातील जुन्या भागाशी जुळली पाहिजे, आणि जुळलेला भाग जिथे संपतो तिथे पाथ तरी संपला पाहिजे किंवा लगेच विभाजक तरी आला पाहिजे. दुसरी अट रास्त आहे, कारण ती नसती तर "मीटर" साठी दिलेला नियम "मीटर-चाचणी" या शेजारच्या फोल्डरालाही लागला असता. आता तुमचा नियम लावून पाहा. मेन.सीचा पाथ आहे "सी:\वर्क\मीटर/मेन.सी". जुळलेल्या भागानंतर स्लॅश आहे, म्हणून नियम लागतो. यूआर्ट.सीचा पाथ आहे "सी:\वर्क\मीटर\ड्रायव्हर/यूआर्ट.सी". जुळलेल्या भागानंतर बॅकस्लॅश येतो, आणि लिनक्सच्या जीडीबीसाठी तो "क" किंवा "ख" सारखाच एक साधा वर्ण असल्याने नियम नाकारला जातो.

एडिटरला दिसणारा दोन धडांचा पाथही यातूनच जन्मतो. लिनक्सवर पूर्ण पाथची खूण म्हणजे सुरुवातीचा स्लॅश. "सी:" ने सुरू होणारा पाथ जीडीबीला अपूर्ण वाटतो, म्हणून तो त्याच्या आधी कॉम्प_डिर जोडतो. त्या जोडपाथात "सी:\वर्क\मीटर" नंतर नेमका स्लॅश येत असल्याने तिथे तुमचा नियम लागू होतो, पुढचे अर्धे मात्र तसेच राहते.

ही कारणमीमांसा मान्य असेल तर तात्पुरता उपाय सरळ आहे: प्रत्येक फोल्डरासाठी स्वतंत्र नियम द्यावा.

सेट सब्स्टिट्यूट-पाथ सी:\\वर्क\\मीटर\\ड्रायव्हर /होम/देव/मीटर/ड्रायव्हर

शेवटी बॅकस्लॅश लावू नये. शेवटचा साधा स्लॅश जीडीबी स्वतःच काढून टाकतो, पण बॅकस्लॅश हा त्याच्या लेखी विभाजक नसल्याने तो नियमात तसाच राहतो आणि मग काहीच जुळत नाही. फोल्डर पुष्कळ असतील तर नियम हाताने लिहिण्यात अर्थ नाही. "गिट एलएस-ट्री -डी -आर --नेम-ओन्ली हेड" मधून उपफोल्डरांची यादी मिळते. तिच्यातील प्रत्येक स्लॅशच्या जागी दोन बॅकस्लॅश घालणारी चार ओळींची स्क्रिप्ट नियमांची फाइल तयार करून देते आणि ती जीडीबीत "सोर्स" कमांडने वाचता येते.

"डिरेक्टरी" कमांडने सगळे उपफोल्डर शोधयादीत घालावेत असेही कोणी सुचवेल. ते चालते, कारण पूर्ण पाथ सापडला नाही तर जीडीबी नुसत्या यूआर्ट.सी या नावानेही शोधतो. पण एकाच नावाच्या दोन फायली असतील, उदाहरणार्थ बूटलोडर आणि मुख्य प्रोग्रॅम या दोन्हींत मेन.सी असेल, तर यादीत जी आधी येईल ती उघडली जाते. ओळ क्रमांक एका फायलीचा आणि मजकूर दुसरीचा, असे दृश्य समोर आले की माणूस स्वतःच्याच कोडवर संशय घेऊ लागतो. मी एकदा त्यात अख्खी दुपार घालवली आहे, म्हणून माझे मत त्या मार्गाच्या विरुद्ध आहे.

उत्तर ३: जुना_मेकफाइल

वरील विवेचनाशी पूर्ण सहमत. तरीही नियमांची फाइल हे मलम झाले, दुखणे बिल्डमध्ये आहे. डीडब्ल्यू_एटी_नेममध्ये कंपाइलर तेच लिहितो जे आपण त्याला कमांडवर देतो. "डिर /एस /बी" ने दिलेला पाथ तसाच आत गेला. त्याऐवजी प्रकल्पाच्या मूळ फोल्डरात उभे राहून कंपाइलरला "ड्रायव्हर/यूआर्ट.सी" असा सापेक्ष आणि साध्या स्लॅशचा पाथ दिला, तर विंडोजवरचा जीसीसी तो आनंदाने स्वीकारतो, आणि जीडीबीत त्याचा जोडपाथ "सी:\वर्क\मीटर/ड्रायव्हर/यूआर्ट.सी" असा होतो. मग तुमचा मूळचा एकच नियम सर्व फायलींना पुरतो.

बॅच फाइल सोडून जीएनयू मेक घेता आला तर वाइल्डकार्डने यादी करावी. यादी बाहेरूनच येत असेल तर सब्स्ट फंक्शनने बॅकस्लॅशच्या जागी स्लॅश घालावा. मात्र ती यादी रिस्पॉन्स फाइलमधून, म्हणजे @ चिन्हाने देण्याच्या मोहात पडू नये. तिथे बॅकस्लॅश हे पुढच्या अक्षराला सूट देणारे चिन्ह मानले जाते आणि "सी:वर्कमीटर" हीच गंमत कंपाइलरकडून पाहायला मिळते. जीडीबी आणि जीसीसी दोघेही कमांडचे तुकडे करण्यासाठी लिबिबर्टी या सामाईक लायब्ररीतील एकच फंक्शन वापरतात, त्यामुळे खोडही एकच आहे.

त्यापुढची पायरी म्हणजे कॉम्प_डिरमधून विंडोजचा पाथ काढून टाकणे. त्यासाठी जीसीसीत तीन ऑप्शन आहेत. -एफडीबग-प्रीफिक्स-मॅप फक्त डीबग माहितीतील पाथ बदलतो आणि तो ४.३ आवृत्तीपासून आहे. -एफमॅक्रो-प्रीफिक्स-मॅप हा __फाइल__ या मॅक्रोतून येणारे पाथ बदलतो, तर -एफफाइल-प्रीफिक्स-मॅप दोन्ही बदलतो. हे दोन २०१८ च्या जीसीसी ८ मध्ये आले. "जुने=नवे" असे लिहायचे असते. नव्याच्या जागी प्रत्यक्षात कुठेही नसलेला, पण सर्वांनी ठरवून घेतलेला पाथ द्यावा, उदाहरणार्थ /यूएसआर/सोर्स/मीटर. योक्टो या लिनक्स बांधण्याच्या प्रणालीमध्येही हीच पद्धत आहे. तिथे सर्व पाथ /यूएसआर/सोर्स/डीबग खाली आणले जातात. मग बिल्ड कुणाच्याही यंत्रावर होवो, प्रत्येक डेव्हलपरच्या जीडीबीत एकच नियम लागतो, आणि तोही बॅकस्लॅशविना.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. हा मॅप केवळ सुरुवातीचा भाग बदलतो आणि उरलेल्या पाथला हातही लावत नाही. बॅकस्लॅशचे पूर्ण पाथ तसेच ठेवून नुसता मॅप लावला तर "/यूएसआर/सोर्स/मीटर\ड्रायव्हर" असा आणखी नवा संकर हाती येईल. म्हणून आधी स्लॅश सुधारावेत, मग मॅप लावावा.

मीटरवाला

दोघांचेही मनापासून आभार. फोल्डरागणिक नियम देताच सर्व फायली दिसू लागल्या. एकंदर ११ नियम लागले.

बिल्डही मेकफाइलवर आणली, पण मॅपचा काहीच परिणाम दिसत नाही. मी "-एफडीबग-प्रीफिक्स-मॅप=/सी/वर्क/मीटर=/यूएसआर/सोर्स/मीटर" असे लिहिले आहे, कारण बिल्ड-मशीनवरच्या गिट बॅशमध्ये "पीडब्ल्यूडी" केले की /सी/वर्क/मीटर असेच दिसते. कंपाइलर ना चूक दाखवतो, ना इशारा. रीडएल्फमध्ये कॉम्प_डिर मात्र पूर्वीसारखाच सी:\वर्क\मीटर आहे.

दुसरी अडचण आमच्या क्रॅश-लॉग वाचणाऱ्या पायथन स्क्रिप्टची. ती लॉगमधील पत्ते, पत्त्यावरून फाइल आणि ओळ क्रमांक सांगणाऱ्या अ‍ॅडर२लाइनला देते आणि आलेल्या ओळीचे अपूर्णविरामावर, म्हणजे कोलनवर, दोन तुकडे करते. बिल्ड लिनक्सवर होत असे तेव्हा ती छान चालायची. आता प्रत्येक क्रॅशसमोर फायलीचे नाव "सी" असे येते. अ‍ॅडर२लाइनची मूळ ओळ "सी:\वर्क\मीटर/सी:\वर्क\मीटर\ड्रायव्हर/यूआर्ट.सी:११८" अशी असते.

उत्तर ४: जुना_मेकफाइल

/सी/वर्क हा पाथ फक्त बॅशच्या जगात अस्तित्वात आहे. तुमचा जीसीसी विंडोजचा मूळ प्रोग्रॅम असल्याने त्याला आपण सी:\वर्क\मीटर मध्ये आहोत एवढेच ठाऊक असते. मॅप हा अक्षरांची तुलना करतो, जुळले नाही तर गुपचूप सोडून देतो. मॅप कुठेच लागला नाही असे सांगणारा एखादा इशारा असायला हवा होता, ही माझी जुनी तक्रार आहे.

यात आणखी एक मेख आहे. एमएसवायएस२ आणि गिट बॅश (विंडोजवर लिनक्ससारख्या कमांड देणारी साधने) हे जेव्हा विंडोजचा मूळ प्रोग्रॅम चालवतात, तेव्हा पाथसारखे दिसणारे ऑप्शन स्वतःच विंडोजच्या रूपात बदलून देतात. त्यामुळे मेक कोणता, यावर एकाच मेकफाइलचे निकाल बदलतात: मेक मूळ विंडोजचा असेल तर ऑप्शन जसाच्या तसा पोहोचतो, आणि एमएसवायएस२ चा असेल तर वाटेत त्याचे भाषांतर होऊ शकते, ज्यात तुमचा /यूएसआर/सोर्स/मीटर हा नवा भागही सापडू शकतो. हे थांबवण्यासाठी एमएसवायएस२ मध्ये एमएसवायएस२_एआरजी_सीओएनव्ही_ईएक्ससीएल या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला तारांकन द्यावे, गिट बॅशमध्ये एमएसवायएस_एनओ_पाथसीओएनव्ही=१ द्यावे.

तुमच्याकडे मेक मूळ विंडोजचा दिसतो. तिथे पाथ हाताने लिहिण्याऐवजी मेकचेच सीयूआरडीआयआर व्हेरिएबल वापरावे; ते "सी:/वर्क/मीटर" असे साध्या स्लॅशचे मूल्य देते. कॉम्प_डिरमध्ये बॅकस्लॅश असताना ते जुळेल कसे, अशी शंका येईल. विंडोजवरचा जीसीसी तुलना करताना दोन्ही स्लॅश एकच मानतो आणि लहान-मोठ्या लिपीचा भेदही करत नाही, म्हणून जुळते. एमएसवायएस२ चा मेक असता तर तेच व्हेरिएबल /सी/वर्क/मीटर असे आले असते आणि "सिगपाथ -एम" मधून ते वळवून घ्यावे लागले असते.

उत्तर ५: सिग्नल_११

माझा पहिला बाण वाया गेला, म्हणून स्क्रिप्टचे तरी नीट सांगतो. अ‍ॅडर२लाइनचा दुहेरी पाथ त्याच कारणाने आहे: लिनक्सवर "सी:" ने सुरू होणारे फोल्डर सापेक्ष समजून त्याच्या आधी कॉम्प_डिर जोडला जातो. कोलनवर डावीकडून तुकडे केले की ड्राइव्हचे अक्षरच हाती लागणार. आरस्प्लिटने उजवीकडून एकदाच तोडावे. पण तेवढ्यानेही भागत नाही, कारण ऑप्टिमाइझ केलेल्या कोडमध्ये अ‍ॅडर२लाइन कधीकधी "११८ (डिस्क्रिमिनेटर ३)" असे शेपूट जोडतो आणि पत्ता ओळखता आला नाही तर "??:०" किंवा "??:?" असे देतो. ओळ क्रमांकाचे आकड्यात रूपांतर करताना तुमची स्क्रिप्ट या दोन्ही ठिकाणी कोसळेल. शेवटच्या कोलननंतरचे सुरुवातीचे अंक तेवढे घ्यावेत, अंक नसतील तर "अज्ञात" म्हणावे.

उरलेल्या पाथमध्ये ड्राइव्हचे अक्षर एकाहून अधिक वेळा आले असेल तर शेवटच्या "सी:" पासूनचा भाग ठेवावा. त्यानंतर पायथनच्या ओएस.पाथऐवजी पाथलिबमधील प्युअरविंडोजपाथ वापरावा. तो लिनक्सवरही चालतो, दोन्ही स्लॅश ओळखतो, आणि अ‍ॅझ_पॉझिक्सने साध्या स्लॅशचा पाथ देतो. ओएस.पाथ हे स्क्रिप्ट जिथे चालते त्या यंत्राची रीत पाळते, आणि तुमचे सगळे दुखणे तेच आहे. नव्या बिल्डमध्ये पाथ सुधारले तरी हे बदल ठेवावेत, कारण बाजारात गेलेल्या मीटरांचे लॉग जुन्याच एल्फवर वाचावे लागणार आहेत.

मीटरवाला

सीयूआरडीआयआर दिल्यावर कॉम्प_डिर /यूएसआर/सोर्स/मीटर झाला आणि लॅपटॉपवर एका नियमात काम भागले. स्क्रिप्टही सुधारली.

जुन्या एल्फचा उल्लेख निघाला म्हणून विचारतो. बाजारात गेलेल्या आवृत्तीचा गिट टॅग घेऊन, त्याच कंपाइलरने, सुधारलेल्या पाथसह पुन्हा बिल्ड केली आणि ती नवी एल्फ जुन्या मीटरांच्या डीबगिंगसाठी वापरली तर चालेल का? डीबग माहिती चिपमध्ये जातच नाही, तेव्हा कोड तोच राहावा असे वाटते. शिवाय स्टार्टअप.एस या असेंब्ली फायलीचा आणि मेमसीपीवाय या लायब्ररी फंक्शनचा पाथ अजूनही बदललेला नाही.

उत्तर ६: लायब्ररीतला_किडा

तपासल्याशिवाय चालेल असे गृहीत धरू नये. ऑब्जकॉपीने दोन्ही एल्फच्या बायनरी काढाव्यात आणि "सीएमपी" ने ताडून पाहाव्यात. एका बाइटचाही फरक नसेल तर नवी एल्फ निर्धास्तपणे वापरावी.

माझा अंदाज आहे की फरक निघेल, आणि त्याला दोन कारणे संभवतात. __डेट__ आणि __टाइम__ वापरले असतील तर बिल्डची वेळ बायनरीत शिरते. त्यावर सोर्स_डेट_ईपॉक हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल इलाज आहे, जीसीसी ७ पासून ते पाळले जाते. दुसरे कारण अधिक चिवट आहे. कोडमध्ये असर्ट (अट मोडली तर फायलीचे नाव आणि ओळ कळवणाऱ्या तपासण्या) असतील तर __फाइल__ मधून पाथच्या अक्षरओळी थेट फ्लॅशमध्ये जातात. तुम्ही पूर्ण पाथऐवजी सापेक्ष पाथ देऊ लागलात, त्यामुळे रोमन लिपीत "सी:\वर्क\मीटर\" चे १४ बाइट प्रत्येक नावातून कमी झाले आणि पुढचे पत्ते सरकले. अशा वेळी जुन्या एल्फवर जुने ११ नियमच वापरावेत. जुन्या आवृत्तीसाठी मुद्दाम जुन्याच पद्धतीने पूर्ण पाथ देऊन वर -एफडीबग-प्रीफिक्स-मॅप लावला तर __फाइल__ बदलणार नाही हे खरे, पण बॅकस्लॅशही जाणार नाहीत, मग हाती काहीच लागले नाही.

स्टार्टअप.एसची डीबग माहिती असेंब्लर तयार करतो. त्याचा स्वतःचा --डीबग-प्रीफिक्स-मॅप ऑप्शन आहे, तो -डब्ल्यूए, मधून द्यावा. मेमसीपीवाय न्यूलिब या सी लायब्ररीमधून आलेले आहे. ती लायब्ररी टूलचेनसोबत (कंपाइलर आणि त्याच्या साधनांच्या संचासोबत) तयार मिळते, म्हणून तिच्यात टूलचेन ज्याने बांधली त्याच्या यंत्राचा पाथ असतो. तुमच्या कोणत्याही ऑप्शनने तो बदलणार नाही.

पुढे जीसीसी ११ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीवर गेलात तर रीडएल्फचे कोष्टक वेगळे दिसेल, तेव्हा दचकू नये. त्या आवृत्तीपासून ड्वार्फ ५ हे गृहीत स्वरूप आहे. ड्वार्फ ४ मध्ये फोल्डर क्रमांक ० म्हणजे कॉम्प_डिर असे न लिहिता समजून घ्यायचे असते, ड्वार्फ ५ मध्ये तो कोष्टकात प्रत्यक्ष लिहिलेला असतो.

मीटरवाला

ताडून पाहिले. बायनरीत फरक निघाला आणि तो असर्टच्या अक्षरओळींपासूनच सुरू होतो. जुन्या आवृत्तीच्या एल्फशेजारीच ती ११ नियमांची फाइल आता गिटमध्ये ठेवली आहे. असेंब्लरला ऑप्शन दिल्यावर स्टार्टअप.एसही जागेवर आली. मेमसीपीवायमध्ये पाऊल टाकले की जीडीबी अजून कुठल्यातरी परक्या यंत्रावरची फाइल मागतो. तिथे "फिनिश" देऊन बाहेर पडतो आहे.

माझ्याकडून प्रश्न सुटला आहे.